घाटमाथ्यावरच्या गावात गाडी आणि घर सांभाळताना

वेल्हे, मुळशी, भोरच्या मागचं हिर्डोशी खोरं, कोयनेच्या पाण्यापलीकडचं कांदाटी खोरं, घाटाखाली पोलादपूर-महाडच्या डोंगरातल्या वाड्या. या पट्ट्यात कोणी आजोबांचं पडकं घर पुन्हा उभं करतंय, कोणाची शाळेवर किंवा उपकेंद्रात नेमणूक होते, कोणी जमीन घेऊन राहायलाच जातं. घर बघायला माणसं जातात ती डिसेंबरात नाहीतर मे महिन्यात. तेव्हा रस्ता कोरडा असतो आणि तासाभरात तालुक्याला पोचता येतं. जुलैत त्याच रस्त्याला तिप्पट वेळ लागतो आणि काही दिवस रस्ताच नसतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीला त्याहून जास्त, आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. वरंध घाट गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात वारंवार वाहतुकीला बंद ठेवावा लागलाय. खेडहून कांदाटी खोऱ्यात चढणाऱ्या रघुवीर घाटात दरड आली की वरच्या गावांची कोकणाकडची वाट तुटते. उरते ती तापोळा-बामणोलीकडची लाँच. म्हणून इथे राहायचं तर रस्ता बंद होणारच हे धरून गाडी, घर आणि औषधपाणी लावून ठेवायचं. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलं आहे.

गाडी आणि मृगाआधीची कामं

फोर बाय फोरच हवी, असं काही नाही. दारापर्यंत डांबर किंवा काँक्रीट असेल तर १७०-१८० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची साधी गाडी वर्षभर चालते. शेवटचा टप्पा कच्चा आणि चढाचा असेल, तिथे लाल माती भिजली की चारही चाकांना ताकद लागते. नाहीतर सरळ पावसाळ्यात गाडी डांबराच्या टोकाला ठेवून चालत घरी यायचं. गावातले बरेच जण तेच करतात आणि तेच शहाणपणाचं आहे. गाडी निवडताना सगळ्यात आधी विचारायचं ते तालुक्याच्या गॅरेजवाल्याला: कोणत्या गाडीचे पार्ट त्याच दिवशी मिळतात? वडापला (गावोगावी फिरणाऱ्या शेअर गाड्यांना) अजून बोलेरो आणि जुन्या जीप दिसतात त्यामागे हेच कारण आहे. सेन्सरचा दिवा लागला आणि स्कॅनर पुण्यातच, अशी गाडी ऑगस्टमध्ये आठवडाभर उभी राहते.

ब्रेक ऑइलकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि घाटात सगळ्यात जास्त काम त्यालाच असतं. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. प्रमाणानुसार नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरली की हा आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर ब्रेक तापले की आतल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल खालपर्यंत जाऊनही गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी तेल पूर्ण बदलून घ्या, नुसतं वरून भरू नका. इथल्या ओलसर हवेत तर ही मुदत ताणूच नये.

टायरच्या खाचेत आडवे छोटे उंचवटे असतात. झीज तिथवर आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरले, आणि ती कायद्याची शेवटची हद्द आहे. पावसाळ्यात शिरताना तीन मिलिमीटर तरी हवेत. वायपरची पाती दर मे महिन्यात बदला. उन्हाने कडक झालेलं रबर पहिल्याच सरीत काचेवर रेघा ओढतं आणि रात्री समोरच्या दिव्यांनी त्या रेघा चमकतात. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या. दरवाजांच्या तळाची भोकं सुईने मोकळी करा, नाहीतर पाणी आत साचून दरवाजा आतून गंजतो.

गाडीत कायम राहील असं सामान: हवा भरलेली स्टेपनी, जॅक, पाना, आणि जॅकखाली ठेवायला फूटभर लांब-रुंद, इंचभर जाड फळी. चिखलात फळीशिवाय जॅक लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. ट्यूबलेसचं पंक्चर किट आणि बारा व्होल्टचा हवेचा पंप. ओढायची जाड दोरी, छोटं फावडं, कोयता (आडव्या पडलेल्या फांद्यांसाठी), डोक्याला लावायची बॅटरी, चाकाखाली घालायला दोन गोणपाटं, घोंगडी, पाच लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे. आणि सुटे पैसे. रेंज नसेल तिथे यूपीआय चालत नाही, आणि गाडी चिखलातून ओढून देणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचे डिझेलचे पैसे तिथेच द्यायचे असतात.

टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. वीज गेली की पंपावर जनरेटर असेलच असं नाही, आणि एक रस्ता बंद झाला की दुसऱ्या घाटाने फिरून यायला शंभर किलोमीटर सहज वाढतात.

चढ आणि उतार

अरुंद डोंगरी रस्त्यावर दोन गाड्या सुटत नसतील तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हा २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमावलीतला नियम आहे. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड, म्हणून तो आहे. मात्र उतरणाऱ्याच्या मागे लगेच रुंद जागा नसेल आणि चढणाऱ्याच्या मागे असेल, तर हुज्जत न घालता चढणाऱ्याने मागे घ्यावी. दरीची बाजू तुमच्याकडे असेल तर थांबा. डोंगराकडच्याला त्याच्या बाजूला सरकू द्या. पावसाळ्यात दरीकडच्या साइडपट्टीवर चाक उतरवू नका. डांबराच्या कडेखालची माती पाण्याने पोखरलेली असते. वरून गवत हिरवंगार दिसतं, खाली पोकळी.

समोरून एसटी येताना दिसली तर यू वळणाच्या आत शिरू नका. तिला वळायला पूर्ण रुंदी लागते आणि तिचा मागचा भाग बाहेर झोकतो. वळणाच्या अलीकडे, सरळ पट्ट्यात थांबा. आंधळ्या वळणाआधी दिवसा हॉर्न, रात्री दिव्याची उघडझाप.

चढावर गाडी उचलताना हँडब्रेक वापरा: हँडब्रेक ओढून क्लच हळू सोडा, गाडीचं नाक किंचित उचललं गेलं की हँडब्रेक सोडा. क्लचवर गाडी लटकवून ठेवली की प्लेट जळते. एएमटी गाड्यांत (क्लच-गिअर आपोआप चालवणाऱ्या) हीच चूक जास्त होते. दोन पेडलची गाडी म्हणून लोक चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून तिला जागच्या जागी धरतात. आत क्लच तसाच घासत असतो. ब्रेकवरच धरा.

उतरताना ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या; वेग वाढल्यावर दुसरा पडत नाही आणि त्या झटापटीत गाडी न्यूट्रलवर सुटते. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. एकदा ठाम दाबा, वेग उतरला की पूर्ण सोडा, इंजिनला धरू द्या. ऑटोमॅटिकमध्ये एल, २ किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच दिलेला असतो. इंधन वाचवायला इंजिन बंद करून उतरणं हा सरळ जिवाशी खेळ: ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन दाब मिळतात, मग पेडल दगडासारखं होतं, आणि पॉवर स्टिअरिंगही जड पडतं.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. घर वर असेल आणि रात्रभर चार्ज करून शंभर टक्क्यांवर निघालात, तर पहिल्या काही किलोमीटरमध्ये रिजनरेशन (मोटरने गाडी धरून उतारावर बॅटरी भरणं) जवळजवळ मिळत नाही, कारण बॅटरीत जागाच नसते. ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. उतरताना थोडी भरही पडते. स्कूटरचा प्रश्न वेगळा. वेग फार कमी झाला की तिचा क्लच आपोआप सुटतो, इंजिनचा धाक राहत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तीव्र उतारावर दोन्ही ब्रेक मिळून वापरा, मधूनच हलका ॲक्सिलरेटर देऊन क्लच धरवा आणि मग सोडा, आणि लांब घाटात एक-दोनदा थांबून ड्रम थंड होऊ द्या. गिअरची मोटरसायकल इथे कधीही जास्त भरवशाची.

जळकट वास आला, पेडल मऊ लागलं किंवा नेहमीपेक्षा खोल जायला लागलं, तर पुढच्या रुंद जागेत थांबा. गिअरमध्ये उभी करा, चाकांना उताराच्या बाजूने दगड लावा, तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक आवळू नका, आणि पाणी तर मुळीच ओतू नका; डिस्क वाकडी होते. वीस मिनिटं, निदान. ब्रेक खरोखर गेलेच तर एकेक गिअर खाली, हँडब्रेक हळूहळू, आणि गाडी डोंगराकडच्या गटारात किंवा बांधाला घासत न्यायची. गाडी चेपेल, माणसं राहतील.

धुकं, रात्र, फरशी

जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर ढगच रस्त्यावर उतरलेले असतात. दिवे डिपवर ठेवा. अपर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय ते कळत नाही. आतून काच धुरकटली तर एसी सुरू करून गरम हवा काचेवर सोडा आणि हवा बाहेरची घ्या. आतलीच हवा फिरवत राहिलात तर ओल आतच राहते. दहा मीटरही दिसत नसेल तर रस्त्यावर थांबू नका, रस्ता सोडून पूर्ण बाहेर जागा असेल तिथेच.

रात्री गुरं आणि म्हशी रस्त्यावर बसलेल्या असतात, कारण भिजलेल्या जमिनीपेक्षा डांबर कोरडं आणि उबदार असतं. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दिसते ती अगदी समोर आल्यावर. झाडीतल्या वळणांवर काँक्रीटला शेवाळ धरतं. तिथे ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही.

ओढ्यावरची फरशी (बुटका पूल) पाण्याखाली गेली असेल तर मूळ उत्तर थांबा हेच आहे. डोंगरातला ओढा चढतो तसा उतरतोही. वरचा पाऊस थांबला की दोन-तीन तासांत बहुतेक वेळा फरशी उघडी पडते. पाणी चाकाच्या निम्म्याच्या आत असेल, ओढ नसेल, फरशीच्या दोन्ही कडांचे दगड किंवा खांब दिसत असतील, तरच विचार करावा. पाणी गढूळ असेल, फांद्या-ओंडके येत असतील, कडा दिसत नसेल, तर नाही. फूटभर वाहतं पाणी छोट्या गाडीला उचलायला पुरतं. गेलातच तर पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मध्ये गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असतं आणि त्याच स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकतो. पार झाल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून वाळवा.

पूल उंच आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पुराच्या रात्री अंधारात पुलाशी आलात तर अलीकडे थांबून, उतरून, बॅटरी मारून पलीकडची कड दिसते का ते बघा.

दरड

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण, २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. तिन्ही दरडी जुलैच्या उत्तरार्धातल्या, तिन्ही संततधारेनंतरच्या. डोंगराची माती तोवर पाण्याने टच्च भरलेली असते आणि त्यावर आणखी मोठा पाऊस येतो. म्हणून एका दिवसाच्या पावसापेक्षा लागोपाठच्या दिवसांची बेरीज महत्त्वाची.

ही बेरीज घरच्या घरी करता येते. उभ्या, सरळ कडांचा पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा घ्या. वर रुंद आणि तळाला निमुळता नको. अंगणात झाड-पागोळीपासून लांब, जमिनीपासून फूटभर उंच पक्का बसवा. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून पाणी मोजा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून त्याहून वरची पायरी. घर उताराच्या पायथ्याशी किंवा ओढ्याच्या तोंडाशी असेल आणि डब्यात दोन दिवस लागोपाठ दोनशेच्या वर आकडा आला, तर रात्री शाळेत, देवळात किंवा पठारावरच्या घरी झोपायला जा. हा शास्त्रीय उंबरठा नाही, सावधगिरीचा नियम आहे. तो पाळून चार रात्री फुकट गेल्या तरी हरकत नाही.

खुणा ओळखा. घराच्या वरच्या अंगाला जमिनीला नवी भेग, विजेचा खांब किंवा झाडं एकदम कललेली, काल उघडणारं दार आज अडकतंय, स्वच्छ झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा आटलं, कोरड्या जागी नवा उमाळा फुटला, मुसळधार पाऊस चालू असूनही ओढ्याचं पाणी कमी झालं (वर कुठेतरी माती आडवी आली आहे). यातलं काही दिसलं तर सामान न आवरता निघा. ओढ्याच्या कडेने खाली पळू नका, चिखल-दगडांचा राडा त्याच वाटेने येतो. आडवं, डोंगराच्या धारेकडे, उंच जागी जा. पोलीस पाटलांना आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर कळवा.

रस्त्यावर बारीक खडे घरंगळत असतील, तर तिथे फोटो काढायला थांबायचं नाही. ताजी दरड आडवी आली असेल तर चालत ओलांडू नका. पहिल्यामागून दुसरी येते. गाडी वळवा, कड्यापासून दोन वळणं मागे या, आणि तिथे उभे राहून मागून येणाऱ्यांना अडवा.

आगोट, छप्पर, वीज, पाणी

पावसाळ्याआधी घर भरून ठेवण्याला आगोट म्हणतात. पूर्वी चार महिन्यांची भरायचे. आता रस्ता असलेल्या गावात तीन आठवड्यांची पुरते, रस्ता नसलेल्या वाडीला दोन महिन्यांची धरा. चार माणसांना रोज सव्वा किलो तांदूळ आणि पाव किलो डाळ म्हटलं, तर तीन आठवड्यांना सव्वासव्वीस किलो तांदूळ आणि सव्वापाच किलो डाळ. नाचणी, तेल, गूळ, चहा, मसाला, सुकट-बोंबील त्याच हिशोबाने. धान्य मे महिन्याच्या उन्हात कडक वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरलं तर आत घाम सुटतो आणि जाळी धरते. मीठ चिनी मातीच्या बरणीत, काडेपेट्या घट्ट झाकणाच्या डब्यात. कांदा जुलैत सडतो, लसूण चुलीवर टांगलेला टिकतो. गॅसची एक टाकी कायम भरलेली आणि तरीही पडवीत कोरडं सरपण.

कौलं मेच्या तिसऱ्या आठवड्याआधी चाळून घ्या. नंतर माणूस मिळत नाही. पत्रे असतील तर प्रत्येक हुक आणि वॉशर तपासा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात असंख्य घरांचे पत्रे उडाले. कडेच्या ओळीत हुक दुप्पट लावा, कारण वारा कडेखालून शिरून पत्रा उचलतो. पावसाची झड ज्या अंगाने येते ती भिंत मेणकापडाने किंवा पेंढ्याने झाकून घ्या, मग मातीची भिंत ओल धरत नाही.

वीज दोन-चार दिवस जाणं हे नेहमीचंच. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर जूनआधी भरा. फ्रिजवर विसंबणारी औषधं, विशेषतः इन्सुलिन, घरात असतील तर मातीच्या मडक्यात छोटं भांडं ठेवून, बाहेरून ओलं फडकं गुंडाळून ठेवण्याची सवय आधीच करा. मोबाइलला रेंज नसेल तर फोन फ्लाइट मोडवर ठेवा; टॉवर शोधण्यातच बॅटरी जाते. प्रत्येक गावात रेंज मिळणारा एक दगड, एक बांध किंवा देवळामागचा चौथरा असतो. तो पहिल्याच दिवशी विचारून घ्या, आणि अंधारात पावसात तिथवर जाता येतं का ते बघा. कॉल लागत नसेल तेव्हाही बरेचदा एसएमएस जातो. ११२ लावलात तर तुमच्या सिमला रेंज नसली तरी जे नेटवर्क सापडेल त्यावरून फोन जोडला जातो.

पावसाळ्यात पाणी उदंड, पण झऱ्या-विहिरीत गुरांच्या शेणासकट सगळं वाहून येतं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. स्वतःच्या विहिरीत तुम्हीच टाका. प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास तीन मीटर आणि पाणी चार मीटर असेल तर ३ × ३ × ४ × ०.७८५, म्हणजे सुमारे २८ हजार लिटर, आणि पावडर ७० ग्रॅम. ती बादलीत कालवून दहा मिनिटं ठेवा, चुना तळाला बसेल, वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडून ढवळा. तासभर पाणी वापरू नका. संध्याकाळी टाकलं की रात्रभर काम होतं. उघडं पडलेलं टीसीएलचं पोतं निकामी असतं, वास गेला की ताकद गेली.

दवाखाना

जूनआधी एकदा स्वतः जाऊन विचारा: सर्पदंशाची लस कुठे आहे? प्राथमिक आरोग्य केंद्रात, की ग्रामीण रुग्णालयात? रात्री डॉक्टर असतात का? रस्ता बंद असेल तर दुसरं कुठलं? उत्तर कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवा, खाली १०८ आणि आशाताईंचा नंबर.

साप चावल्यावर आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. अंगठी-बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर करा, माणसाला चालवू नका. इथली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. हिरव्या चापड्यावर नाही, तरीही रुग्णालय गाठायचंच. मण्यार रात्री अंथरुणात चावते, वेदना जवळजवळ होत नाहीत आणि खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, असं जमिनीवर झोपलेला माणूस म्हणाला तर सापच धरा. लाल विंचू चावल्यावर घाम, उलटी आणि हातपाय गार पडणं हे हृदयाकडे जाणारं लक्षण. त्यावर प्राझोसिनचा उपचार रुळवला तो महाडच्याच डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी, त्यामुळे या भागातल्या डॉक्टरांना तो माहीत असतो. उशीर मात्र आपण करायचा नाही. भातलावणीनंतर ताप, पोटऱ्या ठणकणं आणि लाल डोळे आले तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) तपासणी मागून घ्या.

रुग्ण उचलून न्यायची वेळ आली तर दोन बांबू, प्रत्येकी सात-आठ फूट, आणि एक मजबूत घोंगडी. घोंगडीच्या तिसऱ्या भागावर एक बांबू ठेवून पदर दुमडा, दुमडलेल्या कडेच्या आत दुसरा ठेवून उरलेला पदर त्यावर आणा. माणसाच्या वजनानेच ती घट्ट होते. चार खांदे, आणि बदलीला आणखी चार. घरात बाळंतीण असेल तर तारखेच्या दोन आठवडे आधी तिला तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे हलवा. लोक माहेरी आधीपासूनच धाडतात, ते याच भीतीने.

गावाशी

रस्त्याची खरी बातमी मुक्कामी एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरकडे असते. रात्री आलेली गाडी पहाटे निघते. निघायचं असेल तर आधी त्यांना विचारा, आणि ती गाडी आलीच नसेल तर तुम्हीही निघू नका. जाताना वाटेत म्हाताऱ्या मावशी, शाळेची पोरं दिसली तर गाडीत घ्या. तालुक्याला जाताना शेजारी "औषध आणाल का?" म्हणून चिठ्ठी देतील, ती आणायचीच. तुमची गाडी गटारात गेल्यावर पहिले हात याच घरांतून येणार आहेत. गाडी कोणाच्या खळ्यात किंवा वाटेत लावू नका. देवराईतून वाळकी फांदीसुद्धा आणू नका.

पाऊस ओसरला की दसऱ्याच्या आसपास गाडी खालून धुवून घ्या, चेसिसवरचा चिखल काढून गंजाचं तेल मारा, ब्रेक उघडून साफ करा, हँडब्रेकची केबल ओढून बघा. डिसेंबरनंतर वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरने गवत पेटतं आणि वणवा डोंगर चढून जातो. घराभोवती दहा-बारा फुटांची पट्टी जानेवारीतच गवत काढून मोकळी ठेवा. आणि मार्चपासून पाण्याचा हिशोब: सहा हजार मिलिमीटर पावसाच्या गावातही एप्रिलमध्ये झरे आटतात, कारण काळ्या पाषाणावरून सगळं वाहून गेलेलं असतं. टाकी फेब्रुवारीतच घासून भरून ठेवा. पुढच्या जूनसाठी पन्हाळही तेव्हाच बसवा: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, त्यामुळे चाळीस चौरस मीटरच्या छपरावरून शंभर मिलिमीटरच्या एका दिवसात गळती धरूनही तीन हजार लिटरच्या वर पाणी मिळतं. पहिल्या दोन-तीन सरी सोडून द्या, कौलावरची घाण त्यातच जाते.